भेरखोलची पोकळी

वाट चुकलेला माणूस आपल्याला शेवटचा कधी भेटला, हे इंदुमती तायडेंना आठवत नव्हतं. आता कुणी वाट चुकतच नसे. रुग्णवाहिका, टपालाचे ड्रोन, रेशनची गाडी, लग्नाचं वऱ्हाड, सगळे सर्वनकाशाच्या भरवशावर निघत आणि बरोबर दारात येऊन उभे राहत.

सर्वनकाशा कुठल्या कंपनीचा नव्हता, सरकारचाही नव्हता. लाखो लोकांनी फावल्या वेळात, घरी बसून, फुकट तो काढला होता. उपग्रहाचा फोटो उघडायचा, त्यात दिसणारी छपरं, विहिरी, पाऊलवाटा बोटानं गिरवायच्या. दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचं, आणि मग ती रेघ सगळ्यांची होई. इंदुमती अकोल्यातल्या एका रुग्णालयात एक्स-रे काढत. हाडांतल्या केसाएवढ्या भेगा बघून तयार झालेली त्यांची नजर झाडांखालचं छप्परही हुडकून काढी. नकाशा काढणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आदरानं घेतलं जाई.

एका रविवारी सकाळी चहा घेता घेता त्यांनी कांडवली धरणाचा परिसर उघडला आणि कप हातातच राहिला. पाण्यापलीकडे, डोंगराच्या घळीत, एक फिकट जांभळा डाग होता. त्यावर बोट ठेवताच अक्षरं उमटली: ‘वस्ती. अंदाजे अकरा घरं. शक्यता दाट.’

हे कसं शक्य होतं? ती अकरा घरं दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः पुसली होती.

त्याआधी ती काढलीही त्यांनीच होती. मग एक दिवस निरोप आला होता. ‘ताई, तुम्ही आमची घरं फार सुबक काढलीत. पण कृपा करून पुसून टाका. माझे भाऊ नकाशा बघतात.’ लिहिणारीचं नाव रेवती. त्या जागेला तिथले लोक भेरखोल म्हणत. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, जातीबाहेर लग्न करून पळालेली जोडपी तिथे राहत होती. रेवतीच्या नवऱ्याला, संदेशला, तिच्या भावांनी एकदा कोयत्यानं गाठलं होतं. कोयता खांद्यात उतरला की आत काय होतं, हे इंदुमतींना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी घरं पुसली, विहीर पुसली, वाटा पुसल्या. इतर स्वयंसेवकांनाही समजावलं. भेरखोल नकाशावरून धुऊन निघालं. पुढे रेवती आणि त्या फोनवर बोलू लागल्या. लोणच्यापासून तापापर्यंत सगळं.

आणि आता हा डाग.

त्यांनी पुण्यातल्या डॉ. रेहाना मुजावरांना फोन लावला. रेहाना गणितज्ञ. सर्वनकाशात गेल्याच महिन्यात जोडलेलं ‘पोकळीगणित’ त्यांनीच रचलेलं होतं.

“डॉक्टर, मी पुसलेली घरं परत कुणी काढली?”

“कुणीच नाही, इंदुताई. जांभळा रंग म्हणजे माणसानं न काढलेलं, गणितानं ओळखलेलं.”

“ओळखलं कशावरून? तिथे मी काही ठेवलंच नव्हतं.”

“त्यावरूनच.” रेहाना म्हणाल्या. “नेपच्यून कसा सापडला, माहीत आहे? आधी तो दुर्बिणीतून कुणी शोधलाच नव्हता. युरेनस आपल्या ठरलेल्या वाटेवरून थोडा ढळत होता. त्या ढळण्याचा हिशेब करून एकानं सांगितलं, अमुक ठिकाणी न दिसलेला ग्रह असलाच पाहिजे. बघितलं, तर होता. वस्तीचंही तसंच असतं. माणसं राहतात तिथे आजूबाजूचं सगळं थोडं थोडं त्यांच्याकडे ढळतं. गुरांच्या वाटा वाकतात. जवळच्या मोबाईल मनोऱ्यावरचा भार संध्याकाळी वाढतो. सरपणासाठी जंगलाची एकच कड विरळ होते. हा सगळा डेटा खुला आहे. सगळं एका जागेकडे वाकलेलं असेल आणि नेमकी तीच जागा कोरी असेल, तर गणित म्हणतं, इथे काहीतरी आहे.”

“म्हणजे मी जितकं पुसलं...”

“तितकी कड ठळक झाली. तुम्ही काम फार नीटनेटकं करता.”

“मग तो डाग तुम्ही काढून टाका.”

“उत्तर खोडलं म्हणून हिशेब बदलत नाही. मी काढला, तर उद्या दुसरं कुणी तेच गणित मांडील. डेटा खुला असावा म्हणून आपण दोघीच सगळ्यांशी भांडलोय ना? वणव्यात, पुरात कुणी राहून जाऊ नये म्हणूनच हे गणित केलं मी.”

“त्या मुलीला मारतील हो.”

रेहाना हळू आवाजात म्हणाल्या, “गोंगाटात गणिताला ऐकू येत नाही. एका पोकळीऐवजी त्या काठावर सात असल्या, तर कुठली खरी हे त्याला कळणार नाही. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

इंदुमतींनी आजवर एकही खोटी रेघ काढली नव्हती. धरणाच्या काठानं त्यांनी सहा ओसाड जागा निवडल्या. कातळ, करवंदीची जाळी, बाकी काही नाही. प्रत्येक जागेकडे जाणारी पुसट पाऊलवाट काढायची आणि पोचण्याआधीच सोडून द्यायची. विहीर काढायची आणि पुसायची. काहीतरी लपवलंय असं वाटेल, एवढंच करायचं. पुसण्याचे व्रण मागे ठेवायचे. हळूहळू काठावर आणखी सहा जांभळे डाग उमटले.

पावसाळ्याआधी रेवतीचा थोरला भाऊ दोघांना घेऊन होडीनं आला. तो दुसऱ्या डागावर उतरला, कातळावर फिरला, शिव्या घालत परत गेला. रेवतीनं फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत होती, इंदुमतींना कळलं नाही. मात्र आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

श्रावणात सलग पाऊस लागला. दुपारची वेळ होती. इंदुमती एका म्हाताऱ्या बाईंचा गुडघा यंत्राखाली ठेवत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, डोंगर सरकतोय!” रेवतीचा आवाज वाऱ्यात फाटत होता. “वरची चार घरं गेली. आम्ही सगळे खालच्या कातळावर आलोय. पाण्यात बोट दिसतेय, पण ती इकडे येत नाहीये. पलीकडे चाललीय!”

ती कुठे चालली असेल, हे इंदुमतींना लगेच कळलं. त्यांनी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन लावला. सोनवलकर नावाचे अधिकारी बोलत होते.

“साहेब, भेरखोलला माणसं अडकलीत. पहिला डाग, घळीतला. सगळ्या बोटी तिकडे पाठवा.”

“बाई, माझ्याकडे चार बोटी आणि सात वस्त्या आहेत. त्या काठाचे सगळे डोंगर हलतायत.”

“सात नाहीत! बाकीच्या सहा खोट्या आहेत. मीच काढल्यात त्या.”

“काय?”

“खोट्या आहेत. तिथे कुणी राहत नाही.”

पलीकडे कागद हलल्यासारखा आवाज झाला. कुणाशी तरी बोलणं झालं. मग सोनवलकर परत आले तेव्हा त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता.

“बाई, तुम्ही म्हणता तिसऱ्या डागावर कुणी नाही. माझ्या बोटीनं आत्ता तिथून दोन माणसं उचललीत. नवरा-बायको. सोलापूरकडची.”

“अशी कशी असतील?” इंदुमती म्हणाल्या. “तिथे नुसता कातळ आहे.”

“ताडपत्री बांधून राहत होती. पळून आलेल्यांना या काठावर आसरा मिळतो असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणतात, नकाशात वस्ती दिसली म्हणून आलो. आलो तर कुणीच नव्हतं. मग आम्हीच वस्ती केली.”

म्हाताऱ्या बाई यंत्राखाली तशाच पडून त्यांच्याकडे बघत होत्या.

“आता मला सांगा,” सोनवलकर म्हणाले, “बाकी पाच खोट्या आहेत का? तुम्ही हो म्हणालात, तर चारही बोटी भेरखोलला वळवतो. पण तुम्ही हो म्हणा.”

“एक मिनिट थांबा.” त्यांनी रेहानांना फोनवर जोडून घेतलं. “डॉक्टर, पाच जागा. तिथे कुणी आहे का? तुमचं गणित काय म्हणतं?”

कळफलकाचा खडखडाट ऐकू आला. “सगळ्यांची शक्यता वाढलीय. तुम्ही काढलेल्या वाटांवरून कुणीतरी चाललंय. पण ते राहायला गेले, की नुसतेच शोधायला जाऊन परत आले, की गुराख्यांनी नकाशात वाट दिसली म्हणून गुरं त्या बाजूला नेली... इंदुताई, तुमची खोटी रेघ आणि खरी पाऊलवाट मला वेगळी काढता येत नाही. जमिनीवर ती आता खरीच आहे.”

“बाई, बोला,” सोनवलकर म्हणाले.

रेवती फोनवर नसतानाही इंदुमतींना तिचा आवाज ऐकू येत होता. एक शब्द बोलला की चार बोटी. तो शब्द जिभेवर होता. पण पाचातल्या एखाद्या कातळावर ताडपत्रीखाली कुणी बसलं असेल, तर? त्यांच्या रेघेवर विश्वास ठेवून?

“भेरखोलला माणसं आहेत, हे नक्की,” त्या म्हणाल्या. “बाकीचं मला माहीत नाही.”

“म्हणजे माझ्याइतकंच,” सोनवलकर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन बोटी भेरखोलला गेल्या, दोन बाकीच्या काठानं फिरल्या. चौथ्या डागावर एक बाई सापडली, कडेवर तान्हं मूल. दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्यावर कुणी नव्हतं. सहाव्यापर्यंत बोट पोचली तेव्हा तिथे डागाएवढा डोंगर पाण्यात उतरलेला होता.

भेरखोलमधली माणसं दोन फेऱ्यांत न्यायची ठरली. आधी बाया, मुलं आणि म्हातारे. संदेश दुसऱ्या फेरीसाठी थांबला. बोटी परत आल्या तेव्हा खालचा कातळ उरला नव्हता, आणि त्यावर थांबलेल्या पाचजणांपैकी दोघेच पाण्यात सापडले. संदेश त्यांत नव्हता. तिसरी बोट असती, तर एकच फेरी पुरली असती.

इंदुमती तिथे पोचल्या तेव्हा पाऊस ओसरला होता. निवारा केलेल्या शाळेत रेवती भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर कसं जायचं, हे अकोल्यापासून इथवर त्यांना सुचलं नव्हतं. त्या शेजारी बसल्या. सोनवलकरांशी जे बोलल्या होत्या, ते सगळं सांगितलं. रेवतीनं ऐकून घेतलं. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग कोपऱ्यात चौथ्या डागावरची बाई बाळाला पाजत होती, तिच्याकडे तिनं पाहिलं.

“तुमच्यावर रागवायचं की नाही, मला कळत नाही ताई,” ती म्हणाली. “नंतर कळेल कदाचित.”

संदेश दोन दिवसांनी गाळात सापडला.

सोनवलकरांनी मग इंदुमतींना बोलावून घेतलं. रेवतीही त्यांच्याबरोबर गेली. “सहाव्या जागेचं काय करू? बेपत्ता म्हणून कुणाची तक्रार नाही. माती उपसायचं यंत्र लावायचं तर कुणीतरी सांगायला हवं की तिथे माणसं होती.”

इंदुमती काही बोलण्याआधी रेवतीच बोलली. “संदेशला शोधलंत, कारण तो होता हे सांगायला मी होते. तिथे जे येतात, ते कुणाला न सांगताच येतात, साहेब. तक्रार कोण करील?”

यंत्र लागलं. पुण्याहून रेहानाही आल्या. चिखल उपसायला दहा-बारा माणसं, दोन पोलीस, चहाची किटली घेऊन येणारा एक गावकरी. दोन दिवस खोदल्यावर निळ्या प्लास्टिकचा एक फाटका तुकडा मिळाला. तो ताडपत्रीचा असू शकत होता, किंवा धरणातून वाहून आलेल्या खताच्या गोणीचा. चपलेसारखं दिसलेलं काहीतरी झाडाची साल निघाली.

“मॅडम, अजून किती खाली जायचं?” यंत्र चालवणाऱ्यानं वरून विचारलं.

रेहानांनी फोनवर नकाशा उघडला आणि त्या एकदम थबकल्या. त्यांनी तो इंदुमतींपुढे धरला. सहावा डाग आता जांभळा राहिला नव्हता. माणसानं स्वतः पाहून काढलेल्या वस्तीसारखा तो काळ्या रेघेत आला होता. खाली अक्षरं होती: ‘वस्ती. नक्की.’

“हे आपल्यामुळे,” रेहाना म्हणाल्या. “इतके फोन, रोजची ये-जा, नवीन वाट, यंत्र. गणिताला वाटलं, इथे माणसं राहतात.”

“सगळं आपल्यामुळे?”

“बरंचसं.”

“आपण निघून गेलो की उतरेल ना? मग जेवढं उरेल, तेवढी इथली माणसं. तेवढं तरी सांगता येईल?”

रेहानांनी नकारार्थी मान हलवली. “आपण येण्याआधी इथे एखादी वाट असलीच, तर तिच्यावरूनच आपण दोन दिवस चालतोय, इंदुताई. आता तिच्यावर सगळी आपलीच पावलं आहेत.”

इंदुमतींनी चिखलाकडे पाहिलं. तिथे पावलंच पावलं होती, गमबुटांची, चपलांची, एक-दोन अनवाणी. अनवाणी कोण आलं होतं, हे त्यांनी आजूबाजूच्या माणसांच्या पायांकडे बघत शोधलं. किटलीवाल्याच्या पायात चप्पल होती. मजुरांच्याही. कुणी मध्येच काढून ठेवली असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. मग त्यांनी वर बघून यंत्रवाल्याला हातानं खूण केली, की चालू दे.