हाकेशिवाय सोडायचं नाही

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो तो तेलाचा डबा आणायला. घराच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती आणि दुसऱ्या दिवशी घड्याळजी माझ्या सुनेचं शेवटचं उत्तर ऐकायला यायचा होता. येणाऱ्या माणसाला दारानेच कुरकुर ऐकवावी हे मला बरं वाटेना. एवढंच काम होतं. बाकी काही मनात नव्हतं.

आम्ही दोर वळणारी माणसं. आमची शेड म्हणजे एक लांबच लांब बोळ. या टोकाला दार, त्या टोकाला चाक, आणि मध्ये भर दुपारीही अंधार. ताग आणि तेल यांचा वास भिंतींत मुरलेला. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने दारापाशी पेड कमरेच्या पट्ट्याला अडकवून मागे रेलून उभं राहायचं. एकमेकांचं तोंड दिसत नाही. पीळ भरला की टोकावरचा हाक देतो, 'सोड'. चाकावरचा म्हणतो, 'सोडला', आणि मग चाकाची मूठ सोडतो. त्याने आधीच सोडली तर पीळ उलटा फिरून समोरच्याची बोटं सोलून काढतो. म्हणून आमच्यात पोरांना पहिलं हेच शिकवतात, की जीव गेला तरी हाकेशिवाय मूठ सोडायची नाही. आता ही बोलायची पद्धत झाली. ती कोणी खरी करून दाखवील असं कोणाला वाटतं?

माझा मुलगा चाकावरच गेला. छातीत कळ आली आणि जागच्या जागी बसला. टोकाला त्या दिवशी माझी सून होती. हातातले पेड थांबलेले तिला जाणवले, तशी पट्टा फेकून ती अंधारात धावली. मुठीवरची त्याची बोटं आम्हाला एकेक करून उघडावी लागली. त्यानंतर शेड बंद केली ती केलीच. चाकाच्या आकड्याला लावलेले पेड तसेच राहिले.

पुढे घड्याळजी येऊ लागला. आधी घड्याळ दुरुस्त करायला, मग दुरुस्त झालेलं घड्याळ बरोबर चालतंय का ते बघायला. साऱ्या गावाची वेळ लावून देणारा माणूस, पण स्वतःच्या मनातलं बोलायला त्याने इतका उशीर लावला की शेवटी मलाच विचारावं लागलं, "का हो, आमचं घड्याळ बिघडतं का तुम्ही बिघडवता?" सून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि बंद शेडमध्ये चाक फिरलं. कुर्र... कुर्र...

तिचं हसू तिथेच विझलं.

मग ते नेहमीचंच झालं. तो उंबऱ्याशी आला की चाक फिरायचं. सुनेने लग्नाला नकार द्यायचं ठरवलं. घड्याळजीनेही सांगून टाकलं होतं, नाही म्हणाल तर दुकान आवरून दुसरीकडे जाईन, इथे राहून तुम्हाला त्रास देणार नाही.

माझी नात भिंगरी तेव्हा लहान नाही की मोठी नाही अशा वयात होती. फ्रॉक आखूड झालेले आणि जीभ लांबलेली. चाक फिरलं की तिचं तोंड उजळायचं. मला म्हणाली होती, "बाबांना हे नकोय. मोठ्या माणसांचं काही खरं नसतं आजोबा. एक गेला की दुसऱ्याचं टोक धरायला मोकळे." सून मला लेकीसारखी, तिचं भलं व्हावं असं मलाही वाटे. पण चाकावर माझा मुलगा होता. बापाने कोणाची बाजू घ्यावी?

तर त्या संध्याकाळी मी डबा घ्यायला गेलो, तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि भिंगरी तिथे उभी होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "दुपारी आई घड्याळजींचा कप पुसत होती. पुसून वर ठेवला. मग परत खाली काढला आणि परत पुसला. रडत नव्हती आजोबा... नुसती पुसत होती."

मी दारामागच्या डब्याकडे हात केला. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. कुर्र... कुर्र... तेलाचा वास एकदम ताजा झाला. जमिनीवर ढिले पडलेले पेड सावकाश उचलले गेले. धुळीतला पट्टा सरपटत अंधाराकडे निघाला.

"आजोबा... बाबा गेले त्या दिवशी 'सोड' कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, बाळ."

तिने पट्ट्यावर पाय दिला. वाकून उचलला.

"ते मोठ्या माणसाचं काम आहे," मी म्हणालो. "ओढ सोसायची नाही तुला. तुझ्या आईला बोलावतो."

"आईला नको." पट्टा ती शेवटच्या भोकात बसवत होती. "तिच्या तोंडून का वदवायचं? तुम्ही मला मागून धरा. हाक मी देईन."

ती रेलली. मी तिचे खांदे धरले. पेड ताठ झाले, थरथरू लागले. समोर नुसता अंधार, आणि त्या अंधारातून पीळ येत होता... मला भीती वाटत होती. तिचे खांदे मात्र स्थिर होते.

"बाबा रागावलेले नाहीत," ती कुजबुजली. "पीळ बघा, किती एकसारखा येतोय. रागावलेला माणूस झटके देतो."

एवढी वर्षं मी दोर वळले, पण हे मला सुचलं नव्हतं.

"सोड, बाबा."

चाक फिरतच राहिलं.

"सोड. इकडचं मी धरलंय."

चाक थांबलं. अंधारातून आवाज आला, "सोडला." मी त्याचा बाप. आवाज मला ओळखू येणार नाही का?

पीळ उलटला नाही. जुने पेड मध्येच सुटले आणि तिच्या पट्ट्याला दोराचा एक तुकडा लोंबत राहिला, बरोबर तिच्या उंचीएवढा. सुटल्या टोकाला गाठ मारलेली होती, डावखुरी. आमच्या घरात डावखुरा एकच होता.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीला दार भिंगरीनेच उघडलं. "या काका. आज बोलायला उशीर लावू नका." शेड गप्प होती. आत सून हसली आणि हसतच राहिली. आमच्यात मनगटाच्या जोराचे पुष्कळ झाले, पण टोक धरावं ते माझ्या नातीने.

भिंगरी आईबरोबर घड्याळजीच्या घरी गेली, तेव्हा तो तुकडा मी शेडच्या खुंटीला टांगला. सुट्टीत आली की ती त्याच्याशी उभी राहायची. पोर वाढत होती आणि दोर दर वेळी डोक्यापासून टाचेपर्यंत बरोबर भरायचा. "बाबांचं माप चुकत नाही," म्हणून ती हसायची. मीही हसायचो.

आता ती मोठी बाई झाली. तिची उंची केव्हाच थांबली. परवा आली, सवयीने चपला काढून दोराशी उभी राहिली. टोक जमिनीला टेकून वीतभर पुढे आडवं पडलं होतं. तेवढा ताग नवा, तेलाने ओला.

ती हसली नाही. वाकून तिने ते टोक हातात घेतलं, अंधाराकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "धरलंय मी."

ती गेल्यावर मी चाकापर्यंत चालत गेलो. मूठ गरम आहे का, हात लावून बघणार होतो.

नाही लावला.