संकेश्वरचं तिकीट

"कुठलं?" कंडक्टरनं विचारलं.

"संकेश्वर," शालन म्हणाली आणि लगेच, "न्हाय... बेळगावबी. आधी संकेश्वरला उतरणार, मग दुसऱ्या गाडीनं बेळगाव. दोन दवाखान्यांत जायचं हाय आज."

"एका दिवसात दोन दवाखाने? एवढं काय दुखतंय बाई?"

मागच्या बाकावरचे दोघं हसले. शालनही हसली असती, पण तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली होती. तिकीट पंच करायच्या चिमट्यानं तिथं चांगलंच कापलं होतं आणि वर निपाणीची तंबाखूची धूळ बसली होती.

"मी नर्स हाय. मुलाखतीला चाललेय. हात दाखवा बघू."

"अवो, तिकिटं राहिलीत माझी—"

"दाखवा म्हंते न्हवं!"

गाडी तवंदीच्या घाटात वळणं घेत होती. बारीक पाऊस खिडकीतून आत येत होता. शालननं पर्समधून पट्टी काढली आणि धक्के सांभाळत त्या अंगठ्याला अशी नीटस बांधली, की कंडक्टर तिकिटं विसरून बघतच राहिला. पुढून ड्रायव्हर कल्लाप्पा ओरडला, "भरमाण्णा, ड्युटीवर हाईस काय ॲडमिट झालास रं?"

कंडक्टर भरमूचे कान लाल झाले. शालनला ते कान फार आवडले.

त्या दिवशी दोन्ही नोकऱ्या तिच्या पदरात पडल्या आणि घोर लागला. संकेश्वरचं छोटं प्रसूतिगृह म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. रात्रपाळी नाही, रोज घरी निपाणीला येता यायचं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात मात्र महिन्यातले दहा दिवस नाईट. शालन काही गोंधळून जाणारी मुलगी नव्हती. तिनं मुलाखतीत तिथल्या मेट्रनबाईंनाच उलट विचारलं होतं, रात्री वॉर्डात किती जणी असतात, दार आतून लागतं का, नाईट संपल्यावर सुट्टी किती. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून बघत सगळं सांगितलं आणि शालनचं मन तिथंच बसलं. अवघड बाळंतपणं सगळी मोठ्या दवाखान्यात येतात आणि बहुतेक रात्रीच येतात. ती हाताखालून गेल्याशिवाय आपण अर्ध्याच नर्स, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण तिची आई, पारूबाई, तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य काढलेली बाई. ती एकच गोष्ट धरून बसली होती. "दोन स्थळं रातपाळीच्या नावानं गेली, शाले. मुलाची आत्या पोह्याची बशी खाली ठेवून काय म्हणाली, ऐकलंस न्हवं? रात्रीची सून घरात पायजे. आता तिसरं तर येतंय का बघ!"

तिसरं... शालनच्या डोळ्यांसमोर उगीचच लाल कान यायचे.

कागदपत्रांसाठी महिनाभरात पाच-सहा खेपा झाल्या. दर वेळी तिसऱ्या बाकावर खिडकीशी भरमूची तिकिटांची पेटी ठेवलेली असायची. कुणी बसायला गेलं की तो गंभीरपणे सांगायचा, "सरकारी माल हाय, हलवू नका." शालन आली की सरकारी माल गुपचूप उचलला जायचा. अंगठा केव्हाच बरा झाला होता, तरी पट्टी होतीच.

"अजून दुखतंय व्हय?" ती विचारायची.

"नर्स दिसली की दुखतंय... न्हायतर न्हाय."

शेवटी सोमवार उजाडला. दोनपैकी एका ठिकाणी आज हजर व्हायचं होतं. शालन बसली, तोच भरमूनं तिच्या हातात तिकीट ठेवलं. संकेश्वर.

"मी सांगितलंच न्हाय अजून!"

"तेच बरं हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ही गाडी रोज तिथनं दोनदा जाती. तुम्ही... रोज दिसशीला. आणि बेळगावात रातभर तुम्ही बाहेर, ते मला बरं वाटत न्हाय."

पहिल्या वाक्यानं शालन सुखावली आणि शेवटच्या वाक्यानं तिचा चेहरा उतरला. हाही त्या आत्याचाच भाऊ निघाला!

"तुमची मुक्कामाची गाडी असती, तवा तुम्ही कुठं असता?" तिनं विचारलं. "संध्याकाळी खेड्यात जाता, रातभर तिथंच निजता, सकाळी येता. तुमच्या लग्नाचं बघताना कुणी इचारतंय का, पोरगा रात्री कुठं असतोय?"

भरमू पेटीतली तिकिटं उगीच मोजायला लागला.

संकेश्वर आलं. त्यानं घंटीची दोरी ओढली, गाडी थांबली. शालन जागची हलली नाही.

"पुढचं फाडा. बेळगाव."

त्यानं फाडलं. तिनं ते घेतलं आणि बेळगावजवळच्या काकतीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे भरून येत होते, हे खरं. पण आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही.

दीड महिना गेला. एका सकाळी नाईट संपवून ती बेळगाव स्टँडवर आली. डोळे चुरचुरत होते, पण चाल ऐटीत होती. पायाळू बाळ तिच्या हातांवर सुखरूप आलं होतं. तेवढ्यात खानापूरकडच्या खेड्यातली मुक्कामाची गाडी आत शिरली आणि काखेत वळकटी घेऊन भरमू उतरला.

"तुम्ही? आणि निपाणीची गाडी?"

"म्हैन्यातले दहा दिवस सोडली. ही मागून घेतली. डेपोत समदे म्हणाले, येडा झालास काय, ही गाडी लोक टाळत्यात." त्यानं वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. "दवाखान्यात नर्सांचा चार्ट लागतोय म्हणं. तुमच्या पुढच्या नाईटा कवा, ते द्या. तुम्ही रात्री कामावर, तर मीबी. म्हंजे दिवसा दोघंबी मोकळं... त्या दिवशी चुकलो मी, शालनबाई. तुमचं तिकीट तुम्हाला न इचारता फाडलं."

कान पुन्हा लाल झाले होते. शालननं पर्स उघडली. आतल्या कप्प्यात ते संकेश्वरचं तिकीट अजून जपून ठेवलेलं होतं. तिनं त्याच्या मागं लिहिलं, 'पाच ते चौदा तारीख', आणि तिकीट त्याच्या हातात दिलं.

"हे लग्नाचं इचारताय न्हवं?"

"व्हय."

"मग निपाणीला या, आईकडं. आवडता मला तुम्ही, ते मी सांगते तिला. रातपाळीचं तुम्ही सांगायचं."

"कवा येऊ?"

"दिवसा," शालन म्हणाली. "रात्री आपण दोघंबी कामावर असतो."