पांढरीतलं रोमन नाणं

भोकरदनच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पुंजाराम ठेकेदाराचे ट्रॅक्टर रस्त्यासाठी माती भरत होते. १९९४ची उन्हाळी सुट्टी होती. सातवीतली सत्यशीला, भुजंग आणि वसंता तिथे खापरं वेचत होती. एक ढेकूळ फुटलं आणि सत्यशीलाच्या हाती सोन्याचं नाणं आलं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला भालेवाला शिपाई. वसंताने बाटलीतल्या पाण्याने माती भिजवली आणि गंमत म्हणून तिच्यावर नाण्याचे दोन्ही ठसे उमटवले.

तेवढ्यात पुंजाराम आला. हे आमच्या आज्याचं हरवलेलं, म्हणत त्याने नाणं हिसकावलं. जालन्याला मस्तगडच्या सोनाराकडे जातो, असं ड्रायव्हरला सांगून तो मोटारसायकलवर निघूनही गेला.

तिघं धावत इतिहासाच्या उषाबाईंकडे गेली. ठसे निरखून बाई सांगू लागल्या. नाणं रोमचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचला जाई, तिथून जहाजाने अरबस्तानात. तिकडचं एडन बंदर रोमन फौजेने उद्ध्वस्त केलं, असं एका जुन्या खलाशाने लिहून ठेवलं आहे.

सत्यशीलाने विचारलं, "बाई, तिथं माल घेऊन गेलेली आपली माणसं असतील. त्यांचं काय झालं?"

"ते कुणी लिहिलं नाही," बाई म्हणाल्या.

"मंग हे तरी वाचवू," भुजंग उठला. "तो वितळवून टाकीन."

चौघं मिळेल त्या बसने जालन्याला पोचली. मस्तगडच्या दुकानात अण्णासाहेब सोनारांची भट्टी लाल झाली होती. नाणं चिमट्यात होतं. पुंजाराम म्हणाला, पोरं खोटं बोलून राह्यली, ह्यांनी हे नाणं पाह्यलंबी न्हाई. सत्यशीलाने ठशांचा सुकलेला मातीचा गोळा पुढे केला. अण्णासाहेबांनी नाणं ठशात ठेवलं. ते बरोबर बसलं. पुंजारामचा चेहरा उतरला.

दोन दिवसांनी बाईंच्या अर्जावरून खोदकाम थांबलं. नाणं सरकारजमा झालं. तहसीलदारांनी सगळ्यांसमोर तिघांच्या पाठी थोपटल्या. साक्षीला आलेले अण्णासाहेब मात्र मान खाली घालून उभे होते. पुंजारामने दिवाळीतही अशी दोन नाणी आणली होती, आपण ती वितळवली, असं त्यांनी सांगितलं.



"त्यांच्यावर काय होतं?" सत्यशीलाने विचारलं.

"बघितलंच न्हाई, पोरी," अण्णासाहेब म्हणाले. "मी फक्त वजन केलं."