खारी कुठे बघत होत्या

इशबेल मॅक्रेचं काम साधं होतं. स्कॉटलंडच्या त्या सरकारी जंगलात, स्प्रूसच्या झाडांच्या सरळ रांगांमध्ये उभारलेल्या लाकडी आडोशात दार लावून बसायचं आणि समोरच्या फटीतून तांबड्या खारींवर नजर ठेवायची. त्यांची घरटी सापडली तर त्या पट्ट्यातली तोड थांबणार होती आणि तोडणीचा मुकादम लाखलन हातावर हात ठेवून बसणार होता.

सोमवारी दुपारी तीनला सहाच्या सहा खारी खाता खाता थिजल्या. दाणे पंजात तसेच. तोंडं ओढ्याकडे. इशबेलने दुर्बीण लावली. ओल्या शेवाळावर ऊन पडलं होतं, बस्स.

मंगळवारी त्याच वेळी खारी ओढ्याच्या अलीकडच्या ओंडक्यांच्या थप्पीकडे बघत होत्या. बुधवारी वाकड्या भूर्जवृक्षाकडे. तो तर आडोशापासून वीस पावलांवर. एक हरणीही चरायची थांबून तिकडेच बघत राहिली.

लाखलनच काहीतरी उग्र वासाचं टाकत असणार. खारी पळाल्या की घरट्यांचा प्रश्न मिटला! इशबेलने गुडघ्यांवर बसून भूर्जाखालची माती हुंगली. वास नाही. पाऊलखूणही नाही.

गुरुवारी तिने त्याला गाठलंच. "खारींना हुसकावायला काय टाकतोस रे?"

"मी? अगं, माझ्या घरातले उंदीर हटत नाहीत माझ्याच्याने!" तो हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "वीस वर्षांची ओळख, आणि माझ्यावर आळ घेतेस? चल, आज तुझ्याबरोबर बसतो. मग तर पटेल?"

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. दाराची कडी इशबेलनेच आतून लावली.

तीनला खारी थिजल्या. या वेळी त्या थेट आडोशाकडे बघत होत्या.

"आपला वास लागला त्यांना," लाखलन कुजबुजला.

पण वारा खारींकडून इकडे येत होता.

मग सगळी डोकी हळूहळू, एकाच वेळी वळू लागली. आडोशाला वळसा घालून कुणी चालत जावं आणि त्याच्यावर नजर ठेवावी, तशी. दाराच्या बाजूला डोकी थांबली.

कडी हलली नाही.

डोकी पुन्हा वळली. आता खारी समोरच्या फटीतून आत बघत होत्या.

लाखलनची नजर बाहेरच होती.

"सरक की जरा," तो वैतागून पुटपुटला. "किती चिकटून बसशील?"

इशबेल बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिने आवाज न करता पाय वर घेतले.