बांधाकडचा हिरवा पट्टा

सल्लागाराने टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत शेतातली ओली माती होती आणि मातीत सोयाबीनचे दाणे. फुगलेले, फाटलेले, कुजून मऊ झालेले. मोड एकालाही नव्हता.

"सगळं शेत असं झालंय, बाई," तो म्हणाला.

बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर लोकांची कोडी सोडवू लागल्या, आणि फी घेऊन सोडवू लागल्या. हा तरुण कृषी सल्लागार त्यांचाच जुना विद्यार्थी होता.

खिडकीशी कंपाउंडर बसले होते. दवाखाना बंद झाल्यापासून ते बाईंचे मदतनीस होते. त्यांची नजर चांगली होती, पण निष्कर्ष मात्र घाईचे असायचे.

"बियाणं भेसळीचं," ते लगेच म्हणाले. "दुकानदाराला धरा."

"आधी त्याचं ऐकू या," बाई म्हणाल्या. "बोल रे."

"ज्यांचं हे शेत, त्या घरात पिढ्यान् पिढ्या मकाच होतो. दर वर्षी मक्यावर मका. जमीन थकली होती, किडीने घर केलं होतं. मी म्हटलं, अर्ध्या जमिनीत मका ठेवा, अर्ध्यात सोयाबीन घ्या, पुढच्या वर्षी अदलाबदल करा. थोरला मुलगा तयार झाला. त्याचे वडील तयार नव्हते."

"म्हणजे म्हाताऱ्यानेच," कंपाउंडर म्हणाले.

"दुकानदाराचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

कंपाउंडर खिडकीबाहेर बघू लागले.

"बियाणं भेसळीचं नव्हतं," सल्लागार म्हणाला. "पोती आली त्याच दिवशी मी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. जवळजवळ सगळे उगवले. मग पावसाने जमीन चिकट झाली. मी म्हटलं, थांबा. माती मुठीत दाबा, गोळा बोट लावताच फुटला तरच पेरा. ऊन कडक पडलं होतं, माती लवकर वाफशावर, म्हणजे पेरण्याजोगी, आली. सगळं नीट झालं, बाई. उगवलं मात्र नाही."

"आणि आता?"

"उद्या दुपारी आमच्या शेतकरी सोसायटीची बैठक आहे. माझा सल्ला चुकला असं ठरलं की माझी नोकरी गेलीच. त्याहून वाईट म्हणजे या भागात पुन्हा कुणी मक्याशेजारी दुसरं पीक घेणार नाही. मला दोषी ठरवायचं तर ठरवा. पण माझं नक्की काय चुकलं ते तरी कळू दे."

बाईंनी डबा बंद केला. "चल रे, शेत दाखव. चला, कंपाउंडर. छत्री घ्या. ऊन आहे."

*

मक्याचं शेत गुडघ्याएवढं झालं होतं आणि वाऱ्यावर सळसळत होतं. त्याला लागून सोयाबीनचं रान उघडं पडलं होतं. फक्त पलीकडे, बांधाच्या कडेला, पेरणीयंत्राच्या रुंदीचा एकच हिरवा पट्टा होता. त्यातली रोपं दाट आणि तजेलदार दिसत होती.

"हे काय?" कंपाउंडर म्हणाले. "तिथली माती वेगळी आहे?"

बाई खाली बसल्या आणि त्यांनी बोटाने माती उकरली. आधी उघड्या रानात, मग हिरव्या पट्ट्यात. "माती तीच, ओल तीच. दाणा दोन्हीकडे बोटाच्या दोन पेरांवर. पेरणाऱ्याने खोली बरोबर ठेवली आहे."

त्यांनी उघड्या रानातला कुजलेला दाणा तळहातावर घेतला. त्याच्या पोटावर तपकिरी ठिपका होता. हिरव्या पट्ट्यातल्या एका न उगवलेल्या दाण्यावरही तसाच ठिपका होता.

"जात एकच," त्या स्वतःशी म्हणाल्या.

ट्रॅक्टर चालवणारा बांधावरच बसला होता. त्याला कामावरून काढलं होतं, तरी तो रोज येऊन बसत होता.

"मका पण तूच पेरलास?" बाईंनी विचारलं.

"मीच. त्याच यंत्राने, त्याच आठवड्यात. मका उगवला तेव्हा कुणी शाबासकी दिली नाही. सोयाबीन गेलं तेव्हा मात्र माझं नाव सगळ्यांच्या तोंडात. चित भी त्यांची आणि पट भी त्यांची."

"हा पट्टा कधी पेरलास?"

"सगळ्यात शेवटी. यंत्राची पेटी रिकामी झाली, मग एक नवीन पोतं फोडलं. त्यातलं अर्धं उरलं. नांग्या भरायला, म्हणजे मध्ये कुठे रोप आलं नाही तर तिथे टोचायला, म्हणून ठेवलंय."

"बियाण्याला तू काही केलंस?"

"मी कशाला काय करू? पोती यायची, मी ओतायचो."

*

थोरल्याचं घर शेताच्या डोक्यावर होतं. पुढे फरशीचं मोकळं अंगण, बाजूला शेड. शेडच्या भिंतीला पत्रे टेकवलेले होते आणि त्यांच्याशेजारी लांब दांड्याचं लाकडी फावडं. बाई त्या पत्र्यांपाशी जरा रेंगाळल्या. खाली वाकून काहीतरी उचललं आणि कंपाउंडरांच्या हातावर ठेवलं. मक्याचे दोन दाणे आणि सोयाबीनची एक सुटी डाळ होती.

"कोंबड्यांचं खाणं," कंपाउंडर म्हणाले.

"कोंबड्या कुठे आहेत?"

कंपाउंडरांनी सगळीकडे बघितलं. कोंबड्या नव्हत्या.

थोरला बाहेर आला. "तपास कसला करताय? ज्याने सल्ला दिला तोच तुम्हाला घेऊन आलाय. वर्ष गेलं माझं."

"पोती बघू?"

शेडमध्ये रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा होता. बाईंनी एकेक उलगडलं. प्रत्येकाच्या तोंडाला निळ्या सुतळीचे तुकडे अडकलेले होते. अर्धवट उसवलेले हाताचे टाके, सारख्या अंतरावर, आणि शेवटी ओढून सोडवायच्या फासगाठीचा वळसा. अर्धं भरलेलं पोतं खांबाजवळ होतं. त्याच्या तोंडाशी कारखान्याच्या पांढऱ्या यंत्रटाक्याचा उसवलेला दोरा होता, आणि ते मधोमध दबून बसकं झालं होतं.

कंपाउंडरांचे डोळे चमकले. "बाई, पोती उघडून परत शिवली आहेत. आतलं चांगलं बियाणं काढून भलतंच भरलं. ट्रॅक्टरवाल्याने विकलं असणार."

"मी त्याला उगाच काढलं नाही," थोरला म्हणाला.

थोरल्याची बायको, या घरची सून, दाराशी उभी होती. "तो पोत्यांपाशी फक्त पेरणीच्या दिवशी गेला," ती हळूच म्हणाली. "त्याआधी शेडमध्ये बाबांशिवाय कुणी नव्हतं. जमीन वाळायची वाट बघत आम्ही सगळे घरात बसलो होतो. बाबांना रिकामं बसवत नाही."

"तू गप्प बस," थोरला म्हणाला. पण त्याचाही आवाज खाली आला होता.

थोरल्याचे वडील, म्हणजे बाबा, अंगणाच्या कडेला खुर्चीवर होते. नाकाचं साल उन्हाने सोललेलं होतं. चष्म्याची मोडकी काडी निळ्या सुतळीने बांधली होती.

बाई त्यांच्याशेजारी ओट्यावर बसल्या. "बाबा, सोयाबीन तुम्हाला नको होतं म्हणे."

"नव्हतंच. मका सोडून दुसरं म्हणजे परक्याचं पोर वाटायचं. पण पोरगा म्हणाला घेऊ या. एकदा घरात आलं म्हटल्यावर परकं कसलं?"

"बियाण्याला काय केलंत?"

"काय करणार?" बाबा म्हणाले. "नेहमीचंच."

बाई उठल्या. मग त्यांनी सल्लागाराला बाजूला बोलावलं.

"मला कळलंय," त्या म्हणाल्या. "पण सांगू की नको, हे तू ठरव."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "नाही सांगितलं तर?"

"तर तुझी नोकरी जाईल. तो ट्रॅक्टरवाला बांधावरच बसून राहील. आणि पुढच्या वर्षी इथे कुणी सोयाबीन आणलं तर पुन्हा हेच होईल."

तो मान खाली घालून उभा राहिला. "सांगा," तो शेवटी म्हणाला. "पण हळू सांगा."

*

बाईंनी सुनेकडून दोन वाट्या पाणी मागितलं. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून बोलावून घेतलं. सगळे बाबांच्या खुर्चीभोवती जमले.

"ट्रॅक्टरवाल्या, निळ्या सुतळीच्या पोत्यांच्या कोपऱ्यांत दाणे राहिलेत का?"

त्याने पोती झटकून ओंजळभर आणून दिले. बाईंनी त्यातले दाणे एका वाटीत टाकले. दुसऱ्या वाटीत खांबाजवळच्या पोत्यातले टाकले.

"आता बघत राहा," त्या वर्गात सांगायच्या तशा म्हणाल्या. "तोवर मी बोलते.

"पेरणीचा सल्ला चुकला असता तर मकाही गेला असता. जमीन एक, पाऊस एक, यंत्र एक, माणूस एक. म्हणजे दोष पेरणीत नाही, बियाण्यात आहे. पण बियाणं आलं तेव्हा चांगलं होतं, ओल्या गोणपाटात उगवलं होतं. म्हणजे ते इथे आल्यावर बिघडलं, पेरणीची वाट बघण्याच्या दिवसांत."

"बदललं," कंपाउंडर म्हणाले.

"बदललं नाही. उघड्या रानातल्या आणि हिरव्या पट्ट्यातल्या दाण्यावर ठिपका सारखाच आहे, म्हणजे जात एकच. शिवाय कंपाउंडर, चोर पोतं शिवताना काय करतो? जुन्यासारखा दोरा शोधतो. इथे तर निळी सुतळी आहे, लांबून दिसणारी. टाके सारखे आणि वर फासगाठ, पेरणाऱ्याला सुरीही लागू नये म्हणून. हे लपवणाऱ्याचं काम नाही, जपणाऱ्याचं आहे."

 सून बाबांच्या चष्म्याकडे बघत होती.

"या घरात पेरणीआधी मका उन्हात घालतात. पत्रे अंथरायचे, दाणे पसरायचे, फावड्याने वरखाली करायचे. पत्र्यांपाशी मक्याचे दाणे सापडले तसं सोयाबीनही सापडलं, पण फुटून सुटं झालेलं. मक्याची साल जाड असते, तो हे सोसतो. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. तापलेल्या पत्र्यावर ती तडकते, फावड्याने आणखी फुटते. वरून कळत नाही. ओल लागली की कळतं. बघा."

पहिल्या वाटीतले दाणे एवढ्यातच टम्म फुगले होते. साली सुटून पाण्यावर तरंगत होत्या, कितीतरी दाण्यांची दोन दोन शकलं झाली होती. दुसऱ्या वाटीतले दाणे अजून गुळगुळीत होते, एखादाच जरा सुरकुतला होता.

"आणि हे पोतं कसं वाचलं?" थोरल्याने विचारलं. 

"ते मधोमध दबलंय," बाई म्हणाल्या. "खांबाच्या सावलीत त्यावर कुणीतरी बसत होतं. दमल्यावर टेकायला काहीतरी लागतंच. म्हणून ते एकच पोतं उघडलं गेलं नाही. तोच बांधाकडचा पट्टा."

बाबा वाटीकडे बघत होते. मग त्यांनी दोन बोटांनी पाण्यातली एक साल उचलली.

"मीच घातलं उन्हात," ते म्हणाले. "बियाण्याने मातीआधी सूर्य बघावा, असं आमच्यात आहे. मी मक्याला काय केलं आणि याला काय केलं यात तसूभर फरक केला नाही."

"माहीत आहे, बाबा," बाई म्हणाल्या.

"याला सावत्र वागवलं असतं तर उगवलं असतं म्हणजे."

 

"एवढे दिवस बोलला का नाहीत?" थोरला ओरडला नाही, त्याने नुसतं विचारलं.

"विचारलं कुणी? आणि यात सांगण्यासारखं काय होतं? जेवताना हात धुतले हे कुणी सांगतं का?"

सल्लागार त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, मी खोली सांगितली, अंतर सांगितलं, ओल सांगितली. हे तेवढं सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुझ्या कसं येईल?" बाबा म्हणाले. मग आशेने त्याच्याकडे वळले. "आता पेरलं तर? ते अर्धं पोतं आहे ना. आणखी आणू. मी हात लावणार नाही."

सल्लागाराने थोरल्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. 

"उशीर झाला, बाबा. शेंगा भरायच्या आत थंडी पडेल."

थोरल्याने ट्रॅक्टरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या ये कामाला," तो म्हणाला.

"काम काय आहे आता?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. 

बाबा उठले. दुसरी वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि शेडमागच्या भिंतीकडे निघाले. तिथे हातभर मोकळी माती होती. ते खाली बसले आणि बोटाने भोक पाडून एकेक दाणा घालू लागले. प्रत्येक भोक बोटाच्या दोन पेरांइतकं खोल, सल्लागाराने सांगितलं होतं तेवढंच.

"बाबा, राहू द्या ना," सून म्हणाली.

"भिजलंय," ते मागे न बघता म्हणाले. "भिजलेलं टाकून कसं द्यायचं?"

त्यांना कुणी अडवलं नाही.  फाटकाशी आल्यावर कंपाउंडरांनी छत्री उघडली आणि बाईंच्या डोक्यावर धरली.

"उगवेल का हो ते?" त्यांनी विचारलं.

"उगवेल," बाई म्हणाल्या. "पिकणार नाही."