सातवा हंडा

भातसा धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत देवकीचं गाव. धरणाचं पाणी मुंबईला जातं. गावाला मे महिन्यात दोन दिवसांआड टँकर, नाहीतर जांभळीखालची विहीर. विहिरीपर्यंत अर्ध्या तासाची उतरण, आणि भरला हंडा घेऊन वर चढायला त्याच्या दुप्पट वेळ. देवकी सकाळी एक खेप करायची. घरात ती एकटीच. नवरा कोंडू जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि एकुलती लेक अक्षदा सीमेवर होती, बायकांच्या तुकडीत. धरणाच्या रस्त्यावर धावून धावून पोरीनं ती भरती मिळवली होती.

लढाई सुरू झाल्याचं टीव्हीवर आलं आणि अक्षदाचा फोन लागेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला देवकी पाणी प्यायला पडवीत आली. हंड्यावरचं झाकण सकाळी ठेवलं तसंच होतं. आत पाणी नव्हतं. तिनं हंडा उलटा करून बुडाशी हात फिरवला. खालची सारवलेली जमीन कोरडी ठणठणीत. फक्त हंड्याच्या आतल्या कडेला ओल्या बोटांचे ठसे होते, वेगवेगळ्या हातांचे.

"गळत असंल गो वयनी," शेजारची भिमी म्हणाली, आणि आपल्यातली एक कळशी देऊन गेली. तिची सून पोटुशी होती, घरात पाण्याची ओढाताण होती, तरी.

तिसऱ्या दिवशी देवकीनं बाईजाकाकीला सोबतीला बसवलं. काकी गावातली सगळ्यांत म्हातारी. दोघी हंड्यावर नजर ठेवून बसल्या. ऊन रटरटत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दोन वाजले तेव्हा एकदम पडवीतला वारा पडला. काकीनं झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. झाकण गार पडलं होतं, पौषातल्या पहाटेसारखं.

हंडा रिकामा होता.

"कोन तरी तानेलं हाय," काकी हळूच म्हणाली. "उद्या पन भर."

त्या संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. अक्षदाच होती.

"आये, मी बरी हाय. दोनच मिनिटं बोलाय दिलंय." मागे काहीतरी धडधडत होतं. "पान्याची लाइन फुटलीय. डोकं वर काढता येत नाय. पन दुपारची एक बाई येते. डोक्यावर हंडा, पदर पुढं वढलेला. तोंड नाय दिसत, बोलत पन नाय. तोफा चालू असताना येते आये, आन् तिला काय व्हत नाय."

देवकीनं विचारलं, "पानी कसं लागतं?"

"आपल्या जांभळीच्या विहिरीसारखं."

"किती जनी हाव तुमी?"

"सात. एक हंडा नाय पुरत गो आये. झारखंडची फुलमणी हाय ना, तिला लय लागलंय, ती सारखी पानी मागते..."

फोन तुटला.

देवकीनं भिमीला सगळं सांगितलं. भिमी हसली नाही. सकाळी देवकी विहिरीवर पोचली तर भिमी, बुधी, जिवली आणि आणखी तिघी आधीच दोर सोडून उभ्या.

"घरातले बघतील टँकरची वाट," बुधी म्हणाली. "चल, भर."

सात हंडे पडवीत ओळीनं लागले. दोन वाजून गेल्यावर काकीनं एकेक झाकण काढलं. सगळे रिकामे. आतल्या ठशांत एक करंगळी वाकडी होती, अक्षदाची, लहानपणी दारात चेंगरलेली. देवकीनं त्यावर आपलं बोट ठेवलं. ठसा वाळून गेला तरी तिनं ते उचललं नाही.

पुढच्या दिवशी पुन्हा सात भरले.

सहा रिकामे झाले. सातवा काठोकाठ तसाच.

त्या हंड्याच्या बुडाला पोचा होता. तो देवकीचा होता.

"ह्यो माझा हाय," भिमी एकदम म्हणाली. "सकाळीच आपले बदलले."

"खोटं नको बोलू गो, माझा हाय," बुधी म्हणाली.

"माझा," जिवली म्हणाली.

सगळ्या तेच म्हणाल्या. हंडा कुणाचा ते देवकीला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. चूल पेटवायला कुणी घरी गेलं नाही. भिंतीला टेकून सगळ्या तिच्याभोवती बसून राहिल्या.

दिवेलागणीला फोन वाजला.

"आये, लढाई थांबली."

देवकी तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. भिमीनं तिला मागून धरलं.

"आये, फुलमणी गेली." अक्षदाचा आवाज फाटला होता. "बाईनं आज आमा सगळ्यांना पाजलं. फुलमणीपाशी मातुर नुसती बसली, हात हातात घेऊन. फुलमणी पानी पानी करत व्हती. तिनं नाय दिलं."

त्या हंड्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही, कुणाला ओतवेनाही. देवकीनं त्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दार लोटून आत पडली होती. पडवीत झाकण वाजलं.

मग ओंजळीनं पाणी पिण्याचा आवाज. घटाघटा, श्वास न घेता, लांबून चालत आलेलं माणूस पितं तसा.

देवकी उठली. कडीला हात घातला, आणि दार न उघडताच थांबली.

"पी गो माझे बाय," ती आतूनच म्हणाली. "सावकाश पी."

बाहेरचे घोट थांबले.

मग पुन्हा सुरू झाले, सावकाश.