बांधल्याची वेळ

दुपारचे चार वाजत आले होते, पण धुकं इतकं उतरलं होतं की ड्रायव्हरकाकांना लाकडाच्या वखारीचं फाटक अक्षरशः चाचपडत शोधावं लागलं. सिस्टरची अँब्युलन्सवर अकरा वर्षं झाली होती. ती पिशवी खांद्याला अडकवून सावकाश आत शिरली. धावत गेलं की हात थरथरतात, हे ती नव्या मुलींना नेहमी सांगायची.

करवत बंद होती. ओल्या भुशाचा वास, आणि त्याखाली रक्ताचा. करवतवाला ओंडक्याला टेकून बसला होता, मांडी गुडघ्याच्या वर खोल चिरलेली. अशी जखम पाच मिनिटांत माणूस संपवते. पण जखमेच्या चार बोटं वर कापडाची रुंद पट्टी होती, तिच्यात लाकडी दांडी घालून घट्ट पीळ दिलेला. पट्टीवर पेनने वेळ लिहिली होती. तीन दहा.

"कोणी बांधलं?"

"मी नाही, ताई," राखणदार म्हणाला. "साडेतीनला किंकाळी ऐकली, धावत आलो, तर हे असंच…"

"साडेतीन? नक्की?"

"लगेच तुम्हालाच तर फोन लावला."

घाईत लोक काहीही लिहितात, असं म्हणून सिस्टरने तो विषय सोडला. पट्टीखालून अजून रक्त पाझरत होतं. तिने वरच्या बाजूला आपली टुर्निकेट, रक्त रोखायचा पट्टा, आवळली आणि वेळ लिहिली. करवतवाला कळवळला. म्हणजे शुद्ध होती.

गाडी धुक्यातून रांगत निघाली.

"दुखू दे," ती म्हणाली. "सैल करायचं नाही."

"तेही हेच म्हणाले."

"कोण?"

"चहा पीत बसलो होतो… करवत चालूच होती. एक गृहस्थ आले, खाली बसले आणि पायाला पट्टी बांधायला लागले. मला हसूच आलं. म्हटलं, अहो, मला काय झालंय? म्हणाले… अजून नाही."

सिस्टरने त्याची नाडी धरली. नाडी जलद होती, पण माणूस बरळत नव्हता.

"मग?"

"मग पाय बधिर झाला, ताई. उठलो, तर पाय जागेवरच नाही… तोल गेला तो थेट करवतीवर."

सिस्टरने पट्टीवरची वेळ पुन्हा एकदा वाचली.

"त्यांच्याकडे आणखी एक पट्टी होती," तो डोळे मिटून पुटपुटला. "ही कोणाला, विचारलं. म्हणाले… तुला न्यायला येईल तिला."

पाय वाचला. बांधणारा जाणकार होता, असं सर्जन म्हणाले. सिस्टरने कागदावर सही केली, ड्रायव्हरकाकांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि नळाखाली हात धरले.

गार पाणी उजव्या हाताला झोंबलं. डाव्या हाताला ते लागलंच नाही.